पंच क्रमांक दोन

तिसऱ्या सत्रात कडू मॅडमनं वाटल्या
निकाली खटल्यांच्या झेरॉक्स, प्रत्येकी एक.
म्हणाल्या, निकाल शेवटी वाचा.
गुन्हा कुठं झाला ते सगळेच शोधतात,
तुम्ही शोधा, कागद कुठं अडखळतो.

माझ्या वाट्याला आमच्याच तालुक्याचा आला.
धुऱ्यावरून भांडण, विळ्याचा वार,
आरोपी वसराम, वय एकतीस, धंदा मजुरी.
सात वर्षं सक्तमजुरी.

पान चौदा. जप्ती पंचनामा.
'आम्ही खाली सह्या करणारे पंच
समक्ष हजर राहून लिहून देतो की
आरोपीने स्वखुशीने दाखवून दिल्यावरून
नाल्याच्या काठी, पळसाच्या बुडाशी, पाल्याखाली...'
वेळ सोळा दहा ते सतरा पाच.
पंच क्रमांक एकचं नाव झेरॉक्सनं खाल्लेलं.
पंच क्रमांक दोन : शालिक उकंडा भगत,
धंदा चहा कँटीन.

बाबाची सही मी कुठंही ओळखीन.
'श' काढण्याआधी तो पेन दोनदा टेकवतो
आणि भगतमधला 'त'
कागदाबाहेर पळायला बघतो.
माझ्या प्रत्येक गुणपत्रिकेवर
तो 'त' असाच पळालेला आहे.

तारीख वाचली.
वसतिगृहात जाऊन पेटी उघडली,
जन्मदाखला काढून शेजारी ठेवला.
नऊ मार्च. वर्षही तेच.

दर नऊ मार्चला बाबा सांगतो :
'तू झाली तवा मी यवतमाळच्या दवाखान्यात.
सकायपासून वऱ्हांड्यात उभा.
नर्सबाई खेकसली, म्हने बाजूले सरक,
झाडू मारू दे.
पाच वाजता तुह्या रडन्याचा आवाज आला.'

पाच वाजता
ऐंशी किलोमीटरवर नाल्यात विळा सापडत होता
आणि माझा बाप
समक्ष हजर होता.

आमच्या पुस्तकात गुन्ह्याची कारणं आहेत.
गरिबी आहे, संगत आहे, शहर आहे,
कुणी तर कवट्याही मोजून पाहिल्या.
पण ठाण्याच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या
टपरीवर प्रकरण नाही.
'शालिकभाऊ, दोन मिंटं या बरं इकडे'
ही हाक कुठल्याच परिशिष्टात नाही.

शनिवारी एसटीनं गावी गेले.
बाबा कप विसळत होता.
मी पान चौदा काउंटरवर ठेवलं,
वर साखरेचा डबा, उडू नये म्हणून.

त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले.
'विळा तं होताच ना, बाई.
मी पाह्यला.
चार दिवसानं. सायबाच्या टेबलावर.'

अन् वसराम?

'आला ना सुटून. येते इथीसाच चहाले.
मी पैसे घेत नाही त्याचे.'

त्याला माहीत आहे?

'तो इचारत नाही.'
मग पातेल्याकडे बघत,
'पैसे घेत नाही तं त्यानंबी कधी
काऊन म्हनून इचारलं नाही.'

वसरामनं वार केलाही असेल.
जखमीच्या डॉक्टरी दाखल्यात जखम खरी आहे,
चार इंच, खांद्यावर.
विळाही असेल पळसाखाली.
पण तो बघायला तिथं नेमकं कोण होतं,
हे मला आता कधीच कळणार नाही.

तेवढ्यात ठाण्यातून पोरगा आला,
सहा कट, दोन बिनसाखरेचे.
बाबानं गाळणी उचलली.
मी पान चौदा घडी करून पिशवीत टाकलं.
त्यावर साखरेच्या डब्याचा
गोल, चिकट डाग पडला होता.

सोमवारी प्रकल्प द्यायचा आहे.
कागद कुठं अडखळतो ते मला सापडलंय,
सापडलेलं लिहायला पाच ओळी पुरतात.
पहिल्या पानावर पूर्ण नाव लिहायचं असतं :
वेणू
लिहून झालंय.
पेन दोनदा टेकलाय कागदावर.
पुढचा शब्द शालिक.